मळभ, उकाडा आणि वळीव: मे महिन्याच्या लहरी हवेत आमसुलं न बिघडवता कशी करावीत

रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. त्याची सालं खारट रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवली की होतात ती आमसुलं, म्हणजेच सोलं. ती करताना दर मे महिन्यात त्याच तक्रारी ऐकू येतात. सोलं चिकट राहिली, आंबूस वास सुटला, जूनमध्ये बरणी उघडली तर वर बुरशी. मग दोष रातांब्यांना दिला जातो, नाहीतर मीठ कमी पडलं असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा रातांबेही चांगले असतात आणि मीठही पुरेसं असतं. चुकलेला असतो तो क्रम. आकाश न बघता फळं कापली जातात, आणि मळभ आल्यावर काय करायचं ते आधी ठरलेलं नसतं.

एप्रिलअखेरपासून मेअखेरपर्यंत कोकणात सलग आठ दिवस एकसारखी हवा मिळेल असं धरून चालू नये. दोन दिवस कडक ऊन, एक दिवस नुसता उकाडा, मग मळभ, मग संध्याकाळी वळीव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लख्ख ऊन, असाच आठवडा जास्त वेळा वाट्याला येतो. अशा आठवड्यातही आमसुलं उत्तम होतात. त्यासाठी एकच गोष्ट डोक्यात पक्की हवी: पहिले दोन दिवस उन्हाचे मिळालेच पाहिजेत. सालं एकदा खारट रसात बुडाली की पुढचा एखादा वाईट दिवस ती सोसतात. पहिल्या दिवशीची कोरी, ओली सालं काहीही सोसत नाहीत.

खालची सगळी मापं १० किलो रातांब्यांसाठी आहेत. घरचं एकच झाड असेल तर एवढं एका वेळी पुरे. २०-३० किलो एकदम कापायला घेऊ नका, उचलताना हात पुरत नाहीत.

## टप्पा १: आधी आकाश, मग झाड

अख्खा पिकलेला रातांबा सावलीत, टोपलीत न कोंबता पसरून ठेवला तर दोन-तीन दिवस आरामात थांबतो. कापल्यावर मात्र तास मोजायचे. म्हणून थांबायचं असेल तर कापण्याआधी थांबा.

हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज रोज मिळतो, ‘मौसम’ ॲपवरही दिसतो. त्यातले रंग असे वाचायचे: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मे महिन्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीला पिवळा रंग वारंवार लागतो आणि सोबत वाक्य असतं, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी. म्हणजे तुमच्या वाडीत थेंबही पडणार नाही, असं सहज होऊ शकतं. पिवळा दिसला म्हणून अख्खा आठवडा सोडून देऊ नका. मात्र पिवळा असलेल्या दिवशी फळं कापायला घेऊ नका.

माझा नियम असा: आजचा आणि उद्याचा दिवस पावसाच्या इशाऱ्याविना असेल तरच सुरी हातात घ्यायची. तिसऱ्या दिवसापासून पुढे पिवळा असला तरी चालतो. नारंगी किंवा लाल दिसत असेल, किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी असेल, तर त्या आठवड्यात आमसुलांचा विचारच सोडा आणि फळांचं अमृत कोकम (साखरेतलं सरबत) किंवा आगळ (खारवलेला रस) करा. १६-१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकलं, तेव्हा दोन दिवस आधीपासून वारा आणि ढग जाणवत होते. अशा वेळी ‘एवढं ऊन तर आहे’ म्हणून कापायला बसणं म्हणजे फळं फुकट घालवणं.

हंगामाच्या शेवटाचाही हिशेब ठेवा. मुंबईत मान्सून पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे आणि तळकोकणात तो त्याआधी येतो, म्हणून ‘रोहिणी लागली तरी हाताशी दिवस आहेत’ असं अनेकजण धरून चालतात. २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, आणि शेवटच्या आठवड्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची सोलं अर्धवट राहिली. शेवटचा घाणा १५ मेच्या आसपास सुरू व्हायला हवा. त्यानंतर उतरलेल्या फळांचं आगळ करावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

तपासा: आदल्या रात्री एका बशीत मूठभर जाडं मीठ घेऊन खिडकीत उघडं ठेवा. पहाटे ते ओलसर असणारच, त्यावरून काही ठरवू नका. सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा बोटानं बघा. तोवर मीठ कोरडं, मोकळं झालं असेल तर दिवस वाळवणाचा आहे. दहालाही ते बशीला चिकटत असेल तर ऊन कितीही दिसो, हवा दमट आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं, आणि जाड्या समुद्री मिठातले इतर क्षार त्याही आधीपासून ओढतात. मिठात भिजलेल्या सालांचंही हेच होणार आहे. हा साधा नियम पुढे प्रत्येक टप्प्यावर लागू पडतो.

## टप्पा २: साहित्य आदल्या दिवशी मांडून ठेवा

भांडी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची घ्या. खाण्याच्या वस्तूंसाठीचा प्लॅस्टिकचा टबही चालतो. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड यांतलं काहीही रसाला लागू देऊ नका. कोकमाचा आंबटपणा धातू खातो, रसाला कळकट चव येते आणि तो पोटात जाणंही चांगलं नाही. कापायला स्टीलची सुरी घ्या.

वाळत घालायची जागा हा बहुतेकांचा दुबळा दुवा. खळं सारवलेलं असलं तरी पाऊस पडून गेल्यावर जमीन खालून ओल सोडत राहते. निळी ताडपत्री अंथरली तर सालांच्या खाली घाम धरतो आणि वरून वाळलेलं साल खालून लिबलिबीत राहतं. सगळ्यात चांगली सोय म्हणजे बाज किंवा बांबूच्या कामट्यांचा मांडव, जमिनीपासून हात-दीड हात उंच, त्यावर मच्छरदाणीचं धुतलेलं कापड. वारा खालून वरून दोन्हीकडून खेळला पाहिजे. स्लॅबवर ऊन भरपूर लागतं, पण तिथेही विटांवर कामट्या टाकून उचलूनच घाला.

बाज अशा जागी मांडा की दोघांनी धरून ती आहे तशी पडवीत नेता येईल. वळिवाच्या दिवशी एकेक साल वेचत बसायला वेळ मिळत नाही.

बाकी लागेल ते: ६०० ग्रॅमपर्यंत जाडं मीठ, रस गाळायला रोवळी किंवा भोकांची चाळण, झाकायला पातळ सुती धोतराचं कापड, आणि हाताला लावायला खोबरेल तेल. हाताला कुठे कापलेलं असेल तर हातमोजे घाला. मीठ आणि आंबट रस एकत्र लागल्यावर होणारी आग सहन होण्यासारखी नसते. कपड्यांना पडलेला डाग जात नाही, तेव्हा जुनेच घाला.

## टप्पा ३: फळं निवडणं आणि धुणं

पूर्ण पिकलेला, गडद लाल ते जांभळट, बोटानं दाबल्यावर किंचित दबणारा रातांबा घ्या. हिरवट-पिवळट छटा राहिलेली फळं दोन दिवस सावलीत पिकू द्या, त्यांच्या सालाला रंग आणि आंबटपणा दोन्ही कमी असतो. पाऊस पडून गेल्यावर झाडाखाली पडलेली, तडकलेली फळं आमसुलात घालू नका. तडक्यातून माती आणि बुरशी आत गेलेली असते आणि अशी चार फळं सगळा रस बिघडवतात.

धुवून झाल्यावर फळं पुसून कोरडी करा किंवा पंख्याखाली तासभर पसरा. ही पायरी हमखास वगळली जाते. सालावरचं पाणी नंतर रसात उतरतं, रस पातळ होतो, मिठाचं प्रमाण घटतं आणि मग तिसऱ्या दिवशी रसावर फेस येतो.

## टप्पा ४: कापणं, पहाटेच

सूर्य वर यायच्या आत, सहा ते नऊच्या दरम्यान कापणं उरकायचं. देठाकडची टोपी काढा, फळाचे उभे दोन भाग करा, गर आणि बिया अंगठ्यानं एका टबात काढा, सालं दुसऱ्या टबात टाका. साधारण निम्मं वजन सालांचं निघतं. सालाला आतून चिकटलेला थोडा गर राहिला तरी बिघडत नाही. खरवडून काढण्याच्या नादात साल फाटतं, आणि फाटलेलं साल वाळून चुरा होतं.

चार तुकडे करू नका. लवकर वाळतील म्हणून तसं केलं जातं, पण बारीक तुकडे रसात गळून जातात.

गर-बियांच्या टबात लगेच मीठ घाला. एक किलो गर-बियांना १०० ते १२० ग्रॅम. हातानं चांगलं कालवून, झाकून, घरात सावलीत ठेवा. संध्याकाळपर्यंत गडद रस सुटतो.

सावधान: हवा दमट आहे म्हणून मीठ दुप्पट करणारे बरेच आहेत. त्यानं रस टिकतो हे खरं, पण तयार आमसूल पावसाळ्यात पाझरतं. बशीतल्या मिठाचा नियम आठवा: सालात मीठ जितकं जास्त, तितकं ते आषाढातल्या हवेतून जास्त पाणी ओढणार. आमसुलाला माफक मीठ घाला. आगळाचं प्रमाण वेगळं, ते पुढे येतंच.

## टप्पा ५: पहिलं ऊन

सालं वाळत घालायची वेळ नऊ-साडेनऊच्या आधी नको. पहाटे हवेत ओल सर्वांत जास्त असते. बाजेवरचं कापड हाताला कोरडं लागलं की मगच पसरा. साल पाठीवर टाकायचं, म्हणजे कापलेली आतली बाजू आकाशाकडे. एकावर एक येऊ देऊ नका. १० किलो रातांब्यांच्या सालांना एक मोठी बाज आणि वर थोडी जागा लागते.

सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे कोरडे असतात. बाराच्या आसपास खारे वारे सुरू झाले की हवेतली ओल वाढते, पण ऊन तापलेलं असल्यानं वाळणं चालूच राहतं. म्हणून साडेनऊ ते तीन हा खरा कामाचा वेळ. त्यातही दीडच्या सुमाराला एकदा सालं उलटी करा.

कधी कधी एप्रिल-मेमध्ये पूर्वेकडचा गरम वारा दुपारपर्यंत रेटून राहतो, खारे वारे उशिरा येतात आणि पारा ३७-३८ च्या वर जातो. असा दिवस आमसुलांना फार चांगला वाटतो, पण त्यात एक फसगत आहे. साल वरून झटकन कडक होतं आणि आत ओल कोंडली जाते. दोन दिवसांनी हेच साल मऊ पडून वास मारायला लागतं. अशा दिवशी बारा ते दोन सालांवर पातळ सुती कापड टाका आणि एकाऐवजी तीनदा उलटा. स्वतःही त्या वेळात उन्हात उभं राहू नका. उष्म्यासोबत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि चक्कर कधी येते ते कळत नाही.

चार वाजले की उचला. साडेचार फार झाले. शेजारच्या काकींचा आवाज कुंपणापलीकडून येतो, “अगो, वत गेला बघ, सोलां भुतूर घे!” (ऊन गेलं, सोलं आत घे.) त्या घड्याळ बघत नाहीत, तुळशीची सावली कुठवर आली ते बघतात. सूर्य खाली गेला की वाळलेलं साल हवेतली ओल परत प्यायला लागतं, आणि दिवसभराचं काम दोन तासांत पाण्यात जातं. माझ्या मते आमसुलं बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण ढग नाहीत, ही उशिरा उचलण्याची सवय आहे.

तपासा: पहिल्या संध्याकाळी साल कोमेजलेलं, कडा आत वळलेल्या आणि आतली बाजू हाताला चिकट पण पाणी न सोडणारी अशी हवी. अजून रसरशीत असेल तर रसात घालू नका. रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा आणि दुसरा दिवस पूर्ण ऊन द्या.

## टप्पा ६: पुटं देणं

संध्याकाळी गर-बियांचा रस रोवळीतून गाळून घ्या, बिया बाजूला ठेवा. रसात सालं बुडवा, वर बशी ठेवून हलकं दाबा म्हणजे एकही साल वर तरंगणार नाही. रसाबाहेर राहिलेल्या सालावरच बुरशीची सुरुवात होते. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी काढून रोवळीत अर्धा तास निथळू द्या, निथळलेला रस परत भांड्यात, आणि नऊ-साडेनऊला सालं उन्हात.

हे एक पुट झालं. घरच्या वापराला चार पुटं पुरतात. सहा-सात दिली तर रंग काळपट लाल होतो, आंबटपणा वाढतो आणि कढीला दोनच सोलं पुरतात. मला चार-पाचच्या पुढे जाण्यात, विशेषतः मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शहाणपणा दिसत नाही. प्रत्येक जादा पुट म्हणजे उन्हाचा आणखी एक दिवस उधार घेणं.

न निथळवता सालं पसरणं ही इथली नेहमीची चूक. रस बाजेवर थेंब थेंब गळतो, माश्या येतात, मुंग्या चढतात. बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

## टप्पा ७: आठवडा बदलला तर

इथेच बहुतेकांची गडबड होते, म्हणून एक नेहमीचा आठवडा दिवसागणिक घेऊ.

सोमवार, लख्ख ऊन. पहाटे कापलं, पहिलं ऊन दिलं, संध्याकाळी पहिल्या पुटाला रसात.

मंगळवार, ऊन आणि उकाडा. घाम सुकत नाही असा दिवस. वाळणं हळू होतं, तरी होतं. पसरताना सालांमध्ये जास्त अंतर ठेवा. चारऐवजी साडेतीनला उचला. दुसऱ्या पुटाला रसात.

बुधवार, सकाळपासून मळभ. सालं बाहेर काढूच नका. रसातच राहू द्या. अर्धवट वाळलेलं साल मळभात उघडं पडलं तर ना वाळतं ना टिकतं. खारट, आंबट रसात ते सुरक्षित असतं. सकाळी, दुपारी, रात्री कोरड्या स्टीलच्या डावानं तळापासून हलवा. ‘दहा वाजता ऊन येईल’ या आशेनं काढायचं, मग आत घ्यायचं, मग पुन्हा काढायचं, हे करू नका. ठरवा आणि ठरवलेलं पाळा.

गुरुवार, सकाळी ऊन, दुपारी घाटावर ढग. सालं पसरा, पण एकच्या पुढे लक्ष पूर्वेला ठेवा. वळीव बहुतेक वेळा सह्याद्रीवर तयार होऊन खाली उतरतो. आंबोली, फोंडाघाटाच्या अंगाला कोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग उंच चढायला लागले, त्यांचा तळ काळवंडला आणि अचानक गार वारा सुटला की वेळ संपली. ढग चढताना दिसले तेव्हाच बाज आत घ्यायची, गार वाऱ्याची वाट बघायची नाही. अडीच वाजता उचललेल्या सालांनी पाच तासांचं ऊन घेतलेलं असतं, तेवढं पुरे. ती थेट रसात जाऊ द्या.

सावधान: गडगडाट ऐकू आला आणि सालं अजून बाहेर असतील, तर ती भिजू द्या. स्लॅबवर, खळ्यात धावू नका. आवाज ऐकू येतो म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते घरातल्या एकाच्या तरी फोनवर असू द्या. लहान मुलांना ‘जा, सोलं काढ’ म्हणून कधीही पाठवू नका.

भिजलेली सालं फेकायची नसतात. पाऊस थांबला, गडगडाट गेला की उचलून रोवळीत निथळवा, कापडावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा आणि मगच रसात घाला. पावसाचं पाणी रसात गेलं तर मीठ पातळ होतं, म्हणून रसात दोन मोठे चमचे मीठ जास्त टाका.

शुक्रवार, पावसानंतरचं धुतलेलं आकाश. ऊन फार सुंदर पडतं आणि सगळे लगबगीनं साडेआठलाच सालं बाहेर काढतात. जमीन ओली असते, उन्हानं तिची वाफ वर येते आणि सालांच्या खालच्या बाजूला लागते. साडेदहापर्यंत थांबा. अशा दिवशी स्लॅब खळ्यापेक्षा चांगला, तो लवकर कोरडा होतो.

शनिवार, रविवार. ऊन असेल तर राहिलेली पुटं. एक दिवस मळभात गेला की काम एका दिवसानं लांबलं, इतकंच. सात दिवसांचं काम नऊ दिवस चाललं म्हणून आमसूल वाईट होत नाही.

मळभ सलग दोन दिवस राहिलं तर रस बघा. बारीक बुडबुडे, फेस, दारूसारखा वास ही आंबण्याची सुरुवात आहे. नुकतीच सुरुवात असेल, वास आलेला नसेल, तर सालं काढून पंख्याखाली पसरा आणि रसात मीठ वाढवा. वास आला असेल तर रस टाकून द्या. गावात कोणाकडे ड्रायर असेल तर त्याच वेळी सालं तिकडे न्या, ५५ ते ६० अंशांवर ती रंग न गमावता वाळतात. चुलीवर मांडणी करून सुकवण्याचा उपाय सुचवला जातो, पण धुराचा वास सोलकढीत उतरतो आणि तो जात नाही.

## टप्पा ८: शेवटचं कोरडं ऊन

शेवटच्या पुटानंतर रस लावायचा नाही. दोन पूर्ण उन्हं नुसती द्यायची. हे दोन दिवस वाचवण्याचा मोह फार होतो, कारण आमसूल दिसायला तयार झालेलं असतं. रात्री सालं पडवीत उघडी ठेवू नका, ती रसात नसल्यामुळे दमट हवा थेट त्यांना लागते. संध्याकाळी घरात आणून थंड होऊ द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सकाळी पुन्हा पसरा.

तपासा: साल दुमडा. मोडता कामा नये, पण घडीतून रसाचा थेंबही येता कामा नये. दोन सालं एकमेकांवर दाबून सोडली तर सुटी व्हायला हवीत. मग खरी परीक्षा: मूठभर सालं काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून धुकं दिसलं तर आणखी एक ऊन.

## टप्पा ९: भरणं

उन्हातून काढलेली गरम सालं कधीही लगेच भरू नका. सावलीत, घरात तासभर निवू द्या. मोठ्या एका बरणीऐवजी छोट्या चार बरण्या घ्या. रोजच्या स्वयंपाकासाठी एक उघडली तरी बाकीच्या तीन बंद राहतात. ओला हात, ओला चमचा यांपासून लांब ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारण्याची पद्धत बाजारातल्या विक्रीसाठी ठीक, घरच्या वर्षभराच्या साठ्याला नको.

महिन्याभरानं सालांवर पांढरं दिसलं तर घाबरून सगळं टाकू नका आणि न बघता वापरूही नका. मीठ असेल तर कण चमकतो, बोटाला खरखरीत लागतो, पाण्याच्या थेंबात विरघळतो. बुरशी कापसासारखी मऊ असते, हिरवट किंवा करडी होत जाते आणि कुबट वास येतो. बुरशी असेल तर ती बरणी पूर्ण टाका. वरची चार सालं काढून खालची वापरू नका.

## उरलेला रस आणि बिया

पुटं संपल्यावर रस उरतो. त्याला फेस आलेला नसेल, वास ताजा असेल तर गाळून घ्या आणि चाखून मीठ वाढवत न्या. आगळ टिकायला आमसुलापेक्षा बरंच जास्त मीठ लागतं, ताज्या रसाला लिटरमागे १५० ते २०० ग्रॅम. तुमच्या रसात आधीच काही मीठ आहे, ते वजा करून घाला. काचेच्या बाटलीत भरून घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

बिया पाण्यात खळखळून धुवा, गर पूर्ण निघून गेला पाहिजे, नाहीतर त्यांना चिकटपणा येतो आणि बुरशी धरते. याच आठवड्यात बाजेच्या एका कोपऱ्यात त्या वाळतात. हलवल्यावर खडखड वाजल्या की कोकमतेलासाठी गोणपाटात भरून ठेवा. त्यांना जमिनीला टेकू देऊ नका.

## पावसाळ्यात बरणी बघताना

जुलै आणि ऑगस्टमध्ये एकेकदा बरण्या उजेडात धरून बघा, झाकण न उघडता. सालं थोडी ओलसर वाटली तरी श्रावणातल्या उन्हाला भुलून बाहेर पसरू नका. त्या दिवसांत ऊन असलं तरी हवा पाण्यानं भरलेली असते, बशीतलं मीठ दुपारीही ओलं राहतं. सालं जास्तच मऊ झाली असतील तर त्या बरणीतली फ्रिजमध्ये ठेवून आधी वापरून टाका. बाकीच्यांना ऑक्टोबर हिटमध्ये, खळं पूर्ण वाळल्यावर, एक दिवसाचं ऊन द्या: साडेनऊला बाहेर, साडेतीनला आत.